गुणवंताचं शूटिंग

सौंसर तालुक्यात गेल्या तीस वर्षांत ज्यांची लग्नं लागली, त्यांतले निम्मे नवरा-नवरी हेमराज धोटेची बोलणी खाऊनच बोहल्यावर चढले आहेत. ‘नवरीबाई, मान वर!’ ‘हसा ना जी, कोणी मेलं काय?’ ‘मामाजी, बाजूले व्हा, टक्कल चमकून राहिलं.’ हेमराजचं सगळं बोलणं एवढंच. कॅमेरा पिशवीत गेला की तोंडाला कुलूप. बसस्टँडसमोर त्याचा दर्पण स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, आणि लग्नसराईत ज्याला इकडे सगळे ‘शूटिंग’ म्हणतात ते. खांद्यावर घ्यायच्या धुडाएवढ्या कॅमेऱ्यापासून ते ड्रोनपर्यंत त्यानं सगळं हाताळलं, पण गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं सरळ बोलायची म्हणजे आज पंचावन्नाव्या वर्षीही त्याच्या कपाळाला घाम फुटतो.

त्याच्या वाट्याचं बोलणं देवानं बहुधा गुणवंता बोडखेला देऊन टाकलं होतं. गुणवंता स्टँडवर खाजगी बसचा एजंट. सकाळी सहापासून गाडीच्या दाराशी उभा राहून ओरडायचं, हाच त्याचा धंदा. “चलाऽऽ सावनेर-नागपूर, सावनेर-नागपूर! बसा ना मावशी, खिडकीची सीट हाये!” खिडकीची सीट कधीच नसायची, पण मावशी बसायची. बाजाराच्या दिवशी त्याचा आवाज पार तहसील कचेरीपर्यंत जायचा. छिंदवाड्याची गाडी सुटली की आहे, हे लोक घड्याळ पाहून नाही, गुणवंताचा आवाज ऐकून ठरवायचे. आणि मधेच, कुणी सांगितलं नसताना, तो जोडून द्यायचा, “पोरीचं लग्न काढलं असन तं समोर दर्पण स्टुडिओ, शूटिंग एक नंबर!”

दोघंही मूळचे लोधीखेड्याचे, शाळेत एका बाकावरचे. हेमराजला मास्तरांनी उठवलं की उत्तर गुणवंता द्यायचा आणि छडीही तोच खायचा. पुढं हेमराजसाठी मुलगी पाहायला गेले तेव्हाही बोलायला गुणवंताच. तास दीड तास तो असा काही रंगला की मुलीच्या बापानं शेवटी त्यालाच म्हटलं, “जावईबापू, पोहे घ्या ना अजून.” सुचिता, म्हणजे हेमराजची बायको, अजून हे हसत सांगते. म्हणते, “मी तं गुणवंताभाऊजीलेच पाहून हो म्हटलं होतं, मंग समजलं नवरदेव तं बाजूचा मुका हाये.”

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवली पाहिजे, नाही तर पुढचं कुणाला खरं वाटायचं नाही. लग्नाच्या शूटिंगमध्ये माणसाचं बोलणं कुणालाच नको असतं. हळद, मांडव, वरात, जेवणावळ, सगळ्यावर मागून गाणी चढवतात. हेमराज नुसती चित्रं घेऊन नागपूरच्या एका पोराकडे पाठवायचा, गाणी तो पोरगा टाकायचा. सुरुवातीला हेमराजचा कॅमेरा आवाज घ्यायचा. पण एका लग्नात मुलाची आत्या आहेराच्या साड्या चिवडत म्हणाली, “असल्या लुगड्याचे तं आम्ही पोतेरे करतो,” आणि ते वाक्य जसंच्या तसं कॅसेटमध्ये उतरलं. दोन्ही घरांनी मिळून ती कॅसेट पाहिली. त्यानंतर दोन्ही घरं हेमराजच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली, आणि गुणवंता मधे पडला नसता तर काचा शाबूत राहिल्या नसत्या. त्या दिवशी हेमराजनं एका तुटक्या इअरफोनची पिन कापली आणि कॅमेऱ्याच्या माईकच्या भोकात खुपसून दिली. पिन घातली की कॅमेरा ठार बहिरा. पुढे कॅमेरे बदलले, पण प्रत्येक नव्या कॅमेऱ्याच्या कानात त्यानं पहिल्याच दिवशी असा बोळा घातला. हळूहळू ती पिन तिथं आहे हेही तो विसरून गेला. आपण आपल्या कानातल्या भिकबाळीची रोज आठवण थोडीच ठेवतो?

मागच्या होळीला गुणवंताचा आवाज बसला. कुणाला काही वाटलं नाही. एजंटाचा आवाज नाही बसायचा तर काय कीर्तनकाराच्या टाळाचा बसायचा? मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, हेमराजनं स्वतः ज्येष्ठमधाची पुडी आणून दिली. “आता तू माह्यासारखा झाला,” हेमराज म्हणाला. त्याच्या आयुष्यातल्या थोड्या विनोदांपैकी हा एक. गुणवंता घोगऱ्या आवाजात हसला आणि पुन्हा गाडीच्या दाराशी जाऊन ओरडायला लागला. ओरडून आवाज बसतो आणि ओरडूनच मोकळा होतो, असं त्याचं म्हणणं होतं. चैत्र गेला, वैशाख गेला. ज्येष्ठात घास अडकायला लागला, श्वासाला शिट्टी वाजायला लागली, तेव्हा कुठं हेमराज त्याला गाडीत घालून नागपूरला घेऊन गेला.

डॉक्टरांनी विचारलं, “नातेवाईक कोण?” हेमराज पुढं झाला. ते त्याला बाहेर बोलावून सांगणार होते, पण गुणवंतानं हात धरून ठेवला. म्हणाला, जे असन ते इथंच बोला, हा माणूस मले नंतर काहीच सांगू शकत नाही. मग डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं. गाठ घशात आहे, खालीही उतरली आहे, कापून उपयोग नाही. श्वास कोंडायला लागलाय, म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागेल. त्यानंतर आवाज निघणार नाही. आणि दिवस? डॉक्टर कागदाकडे पाहत म्हणाले, “दिवाळी पाहतील कदाचित.”

परतीच्या गाडीत कंडक्टरनं दोघांना पुढची सीट दिली. गाडी सावनेरला पोचली. मग गुणवंतानं हेमराजच्या मांडीवर थाप मारली.

“पूनमचं लग्न माघात हाये ना बे.”

पूनम त्याची एकुलती एक मुलगी, गावातल्याच एका शाळेत शिकवते. पांढुर्ण्याच्या वैभवशी तिचा साखरपुडा झाला होता. लग्न अलीकडे ओढावं तर आता चार महिने मुहूर्त नव्हते, आणि बापाच्या मरणासाठी पोरीला घाईघाईनं उजवायचं हे गुणवंताला मंजूर नव्हतं.

“तिच्या लग्नात मी तं राहत नाही,” तो म्हणाला. “मले तिच्याशी बोलाचं हाये. आता नाही, आता बोललो तं थे रडन, मी रडीन, काम बिघडन. तू माही शूटिंग घे. लग्नाच्या दिवशी तिले दाखवजो.”

“मोबाईलवर घेऊ ना.”

“मोबाईल नाही. मोबाईलवर मी रोज बोलतो, उर्मिला म्हणते भाजीत मीठ नाही म्हणून सांगायले फोन कायले करता. मोठ्या कॅमेऱ्यावर घे. लग्नासारखी.”

नळी बसवायला दाखल व्हायचं होतं सोमवारी. रविवारी गुणवंतानं बायकोला, उर्मिलाला, आणि मुलीला जामसावळीला पाठवून दिलं, माझ्यासाठी मारुतीला नवस बोलून या म्हणून. त्या गेल्या आणि हेमराज कॅमेरा, स्टँड, दोन दिवे घेऊन आला. घरात दोघंच. गुणवंतानं साखरपुड्याचा मोतिया रंगाचा शर्ट घातला होता. कॉलर आता गळ्याभोवती चांगली दोन बोटं सैल झाली होती. हेमराजनं मागं पडदा लावला. पडदा सरळ केला. दिवा डावीकडे केला, मग उजवीकडे केला, मग पुन्हा पडदा सरळ केला.

“अबे, लग्न पडद्याचं हाये का?” गुणवंता म्हणाला.

हेमराजनं फोकस लावला, बटण दाबलं, लाल दिवा लागला. त्यानं हातानंच ‘बोल’ म्हणून खूण केली आणि गुणवंतानं तोंड उघडायच्या आत तो दाराबाहेर पडला. ऐकायची हिंमत नव्हती. ज्या पोरीला त्यानं पाळण्यात पाहिलं, तिला तिचा बाप शेवटचं काय सांगतो हे उभं राहून ऐकायचं, आणि ऐकताना फोकस सांभाळायचा, हे त्याच्याच्यानं झालं नसतं. घराला लागून पिठाची चक्की आहे. तो चक्कीच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. पट्टा फटफट वाजत होता. एरवी त्या आवाजाला वैतागणाऱ्या हेमराजला तो त्या दिवशी फार बरा वाटला.

एकेचाळीस मिनिटांनी तो आत गेला. गुणवंता घामानं निथळत होता, छाती भात्यासारखी चालली होती, पण तोंडावर असं समाधान होतं की जसं काही ओसंडून भरलेली गाडी सोडून आत्ताच चहाला बसलाय.

“झालं बे,” तो म्हणाला. आवाज जेमतेम कुजबुजीएवढा उरला होता. “सगळं बोलून टाकलं. आता पाडू दे भोक. तू पाहू नको हा आधी. तिच्या संगंच पाहाजो.”

सोमवारी गुणवंता नागपूरला दवाखान्यात दाखल झाला. हेमराजला दुकान सोडून जाता आलं नाही, त्या दिवशी एका शाळेचे फोटो होते. दुपारी मोकळा झाल्यावर त्यानं कार्ड काढलं आणि कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लावलं. पाहायचं नव्हतं, गुणवंतानं बजावलं होतं. फक्त नीट उतरलं का, एवढं बघावं म्हणून त्यानं सुरू केलं. गुणवंताचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. त्यानं स्पीकर वाढवला. वायर काढून घातली. दुसरी एक फाइल लावून पाहिली, त्यातलं गाणं दणदणीत वाजलं. मग त्यानं कॅमेरा हातात घेतला, फिरवला, आणि त्या भोकातल्या पिनेवर त्याचं बोट टेकलं.

नागपुरात त्या वेळी गुणवंताच्या गळ्यात नळी बसवून झाली होती.

दोन दिवसांनी हेमराज भेटीच्या निमित्तानं नागपूरला गेला आणि आधी एका दुकानात शिरला, जिथं बिघडलेली कार्डं दुरुस्त करून देतात. काउंटरवरच्या पोरानं सगळं तपासलं. चांगला मुलगा होता, हसला नाही. म्हणाला, “काका, पुसलं गेलेलं मी काढून देऊ शकतो. पण जे कॅमेऱ्यानं ऐकलंच नाही, ते कुठून काढू?” हेमराजनं त्याला पुन्हा एकदा पाहायला लावलं. त्यानं पुन्हा पाहिलं. मग हेमराज तिथून निघून दवाखान्यात गेला. गुणवंता पलंगावर बसला होता, गळ्याला पांढरी पट्टी, पट्टीतून नळी. त्यानं दोन्ही हातांनी कॅमेऱ्याची खूण केली आणि भुवया उडवल्या. कशी आली?

“झकास,” हेमराज म्हणाला.

माणूस खोटं बोलायला शिकतो तेही कसं अवेळी शिकतो बघा. जन्मभर ज्याला खरं दोन वाक्यांत सांगता आलं नाही, त्यानं एका शब्दात खोटं सांगून टाकलं.

गुणवंता घरी आला. गळ्यावर पातळ पंचा टाकून ओट्यावर बसायला लागला. बोलायचं झालं की लिहायचा. स्टँडवरची सीट बुकिंगची जुनी पावतीपुस्तकं त्याच्याकडे ढीगभर पडली होती, त्यांच्या कोऱ्या मागच्या बाजू त्याच्या कामी आल्या. पहिले काही दिवस लोक थवे करून भेटायला आले. प्रत्येकजण मोठ्यानं बोलायचा, जसा काही तो मुका नाही, बहिरा झालाय. तो लिहायचा, ‘ओरडू नका, तो माझा धंदा आहे.’ लोक हसायचे आणि बाहेर पडल्यावर डोळे पुसायचे.

हेमराज रोज जायचा. रोज घरून ठरवून निघायचा की आज सांगायचं. उपाय डोळ्यांसमोर होता, त्याला काही फार डोकं लागत नव्हतं. गुणवंताला लिहिता येत होतं. आवाज आला नाही असं सांगितलं असतं, तर त्यानं चार शिव्या लिहिल्या असत्या आणि मग पोरीसाठी जे सांगायचं ते लिहून काढलं असतं. सुचितानंही हेच सांगितलं. नवऱ्याचा पडलेला चेहरा पाहून तिनं एक दिवस त्याच्याकडून सगळं काढून घेतलं होतं. म्हणाली, “आजच्या आज सांगा. रागावन, आणखी काय करन? दिवस किती आहे त्यायच्याजवळ?”

तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. त्या दिवशी पांढुर्ण्यात नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांवर दगड मारतात, त्या गोटमारीमुळे तिकडच्या गाड्या बंद, स्टँड ओस, दुकानात कुणी येणार नव्हतं. जाताना त्यानं दोनशे पानांची नवी वही आणि दोन पेन घेतले. ओट्यावर गुणवंताच्या शेजारी बसला. वही मांडीवर. “गुणवंता, एक सांगाचं होतं,” तो म्हणाला.

गुणवंतानं हात वर केला, थांब म्हणून. त्याला स्वतःलाच काहीतरी लिहायचं होतं. बराच वेळ लिहीत राहिला. मग पावती पुढं केली. हेमराजनं वाचली. ‘रात्री झोप लागते आता. आधी भीती वाटायची की पोरीला काही न सांगता जाईन. ते काम तू केलं. उर्मिलासमोर मला बोलता आलं नसतं. लिहून तर मुळीच जमलं नसतं, मी काय लिहिणारा माणूस आहे? तू होता म्हणून झालं. आता काय सांगतो ते सांग.’

हेमराजनं वही गुणवंताच्या हातात दिली. म्हणाला, “काही नाही. पावत्या संपत आल्या असन, म्हणून आणली.”

यात त्याची चूक किती आणि लाचारी किती, याचा हिशेब ज्याला जमेल त्यानं करावा. सुचितानं त्या रात्री त्याच्याशी अबोला धरला. पण तिनंही जाऊन सांगितलं नाही. तिचीही जीभ ते सांगायला उचलली नाही. एका मरणाऱ्या माणसाची झोप कोण उडवणार?

कोजागिरीनंतर गुणवंताचं दुखणं वाढलं. दवाखान्यातून औषध मिळालं, त्यानं दुखणं कमी व्हायचं आणि गुणवंताही कमी व्हायचा. लिहिताना अक्षर घसरायला लागलं, मग ओळी एकमेकींवर चढायला लागल्या, मग नुसत्या रेघा. हेमराज समोर बसून त्या रेघा पाहायचा. आता सांगितलं असतं तरी लिहिणार कोण होतं? पूनम शाळेतून आली की बापाच्या पायांना तेल लावायची, त्याच्याशी वर्गातल्या पोरांच्या गमती बोलायची. तो तिच्याकडे पाहून मान हलवायचा आणि मग हेमराजकडे पाहून हळूच डोळा मिचकावायचा. त्या दोघांचं गुपित. हेमराज पाणी प्यायच्या निमित्तानं उठून स्वयंपाकघरात जायचा.

शेवटी त्यानं सांगितलं. धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी उर्मिलावहिनी औषध आणायला गेल्या होत्या आणि गुणवंता दोन दिवसांपासून ग्लानीत होता. हेमराज पलंगाशी वाकला आणि त्याच्या कानाशी म्हणाला, “आवाज नाही आला रे. माह्यानं चूक झाली. काहीच नाही आलं.” नळीतून श्वास खरखर येत-जात राहिला. डोळे उघडले नाहीत. हेमराज बराच वेळ तसाच वाकून राहिला, जसं काही उत्तर येणार होतं. याला सांगणं म्हणत नाहीत, हे त्यालाही कळत होतं.

भाऊबीजेला गुणवंता गेला. स्टँडवरच्या सगळ्या गाड्या तासभर उभ्या राहिल्या. दुसऱ्या एजंटांपैकी कुणीच ओरडलं नाही, आणि लोक गाडी कुठली ते पाटी वाचून चढले.

वर्षाच्या आत लग्न नाही केलं तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून माघातला मुहूर्त तसाच ठेवला. शूटिंग अर्थातच हेमराजकाकांची. घरात मांडव पडायच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, पूनम एकटीच स्टुडिओत आली. तिच्या हातात पावतीपुस्तकाचं एक पान होतं. बापानं भाद्रपदात लिहून तिच्या आईजवळ देऊन ठेवलं होतं, आईनं ते काल दिलं. ‘हेमराजकाकाजवळ तुझी एक वस्तू आहे. लग्नात मागून घे.’

“का हाये काका?” तिनं विचारलं. तिच्या तोंडावर हसू होतं, ते हेमराजला पाहवलं नाही.

त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं. तिला खुर्ची दिली. आणि या खेपेला, कसं कोण जाणे, सगळं एका दमात सांगितलं. गाडीतलं बोलणं, मोतिया शर्ट, पिन, नागपूरचा कार्ड दुरुस्त करणारा पोरगा, वही. पूनमचं हसू कुठल्या वाक्याला गेलं ते त्याला कळलं नाही, कारण तो जमिनीकडे पाहत होता.

ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“माह्या मोबाईलमधी बाबाच्या आवाजाचे चार मेसेज हायेत,” ती म्हणाली. “तीनमधी म्हणते, चार्जर कुठी ठेवलं. एकात म्हणते, येताना कोथिंबीर आणजो.” मग म्हणाली, “दाखवा तं खरं.”

त्यानं लावलं. पडद्यावर गुणवंतानं कॉलर सारखी केली, खाकरला, आणि बोलायला लागला. दुकानात बाहेरच्या गाड्यांचा आवाज येत होता. पूनम खुर्चीच्या टोकाला येऊन बसली, तिचे ओठ बापाच्या ओठांबरोबर थोडे थोडे हलत होते. काही शब्द हाती लागल्यासारखे वाटायचे आणि निसटायचे. एका ठिकाणी गुणवंतानं बोटांवर काहीतरी मोजलं. एक, दोन, तीन, चार.

“हे का मोजून राहिले?”

“माहीत नाही, बेटा.”

पुढं एका ठिकाणी तो पोट धरून हसला, हसता हसता खोकला, पाणी प्यायला.

“इथं काऊन हसले?”

“नाही माहीत.”

“तुम्ही तं तिथंच होते ना काका?” पूनमनं पहिल्यांदा त्याच्याकडे मान वळवली. “आवाज कॅमेऱ्यात नाही आला. पण तुम्ही तं ऐकलं असन. जे आठवते ते सांगा. अर्धं सांगा.”

हेमराजच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते त्यानं पुढं सुचिताला सांगितलं. त्याला वाटलं, सांगून टाकावं काहीही. पन्नास वर्षांचा दोस्त, गुणवंता काय बोलला असेल हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? सासू-सासऱ्यांना धरून राहा म्हणाला असेल. आईला सांभाळ म्हणाला असेल. नोकरी सोडू नको म्हणाला असेल. पोरीला तेवढाच आधार, आणि तपासायला येणार कोण? शब्द जिभेवर आले होते. पण पूनम ज्या डोळ्यांनी पाहत होती, ते डोळे गुणवंताचे होते.

“मी बाहेर होतो,” तो म्हणाला. “चक्कीजवळ. मले ऐकवलं नसतं म्हणून निघून गेलो.”

पूनमनं मान पुन्हा पडद्याकडे वळवली. गुणवंता बोलत होता, मधे मधे दम खात होता. तेहतिसाव्या मिनिटाला तो एकदम थांबला. कपाळाला हात लावून बसला. मग त्यानं दाराकडे तोंड केलं आणि पूर्ण तोंड उघडून काहीतरी ओरडला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, जशा स्टँडवर व्हायच्या. दाराकडे पाहत थांबला. पुन्हा ओरडला. पुन्हा थांबला.

पूनमनं बटण दाबून चित्र तिथंच थांबवलं.

“हे मले नाही म्हणून राहिले,” ती म्हणाली. “हे कोणाले?”

ही एक गोष्ट वर सांगितलेली नाही, कारण हेमराजनं ती कुणालाच सांगितली नव्हती, सुचितालासुद्धा नाही. चक्कीच्या फटफटीतूनही ते ओरडणं त्या दिवशी त्याच्यापर्यंत आलं होतं. गुणवंताचा उरलासुरला आवाज, फाटका, पण शब्द न् शब्द कळणारा. ‘हेम्या, आत ये ना बे. तुह्याबिगर नाही जमून राहिलं.’ दोनदा आला. हेमराजचे डोळे तेव्हा वाहत होते, आणि अशा तोंडानं त्याच्यापुढं कसं जायचं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. अख्ख्या एकेचाळीस मिनिटांतलं तेवढंच त्यानं ऐकलं होतं.

“मले,” हेमराज म्हणाला. “मले बोलावून राहिला होता.”

“मंग?”

“मी गेलो नाही.”

पडद्यावर गुणवंता अजून दाराकडेच पाहत होता.